पाच मिनिटांचा सेट आणि बाकीचा महिना

स्टँड-अप कॉमेडी करू पाहणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं बरेच दिवस येत होती. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. नव्या वाचकांसाठी : नवख्यांना स्टेजवर चार-पाच मिनिटं देणारा कार्यक्रम म्हणजे ओपन माइक (बोलताना नुसतं ‘माइक’), आणि त्या वेळात सांगायचा मजकूर म्हणजे सेट.

प्रश्न : कट्ट्यावर मी बोलायला लागलो की मित्र पोट धरून हसतात. तेच किस्से ओपन माइकला सांगितले की शांतता. चार वेळा असंच झालं. माझ्यात ते नाहीच असं समजायचं का? (आयटी कर्मचारी, वय २४, डोंबिवली)

चार वेळांवरून काहीही ठरत नाही, तेव्हा तसं मुळीच समजू नका. कट्ट्यावरच्या मित्रांना तुमचा बॉस, तुमची मावशी, तुमची बाइक सगळं आधीच माहीत असतं. किस्सा सुरू व्हायच्या आधीच त्यांची निम्मी तयारी झालेली असते. ओपन माइकला समोर बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. शिवाय कट्ट्यावरचा किस्सा दोन मिनिटं चालतो आणि हशा येतो शेवटी, एकदाच. स्टेजवर दोन मिनिटं कोणी फुकट थांबत नाही. पहिला हशा पंधरा-वीस सेकंदांत यायला हवा आणि त्यानंतर मिनिटाला निदान तीन-चार. ‘नमस्कार, कसे आहात, पुण्याहून कोण कोण आलंय’ यातच चाळीस सेकंद गेली, तर पाच मिनिटांतला मोठा तुकडा तिथेच संपला.

आता मोजमाप. हशासाठी थांबायची जागा धरली, तर पाच मिनिटांत मराठीचे साधारण पाचशे ते साडेपाचशे शब्द बसतात. तुमचा सेट कागदावर उतरवून शब्द मोजा. आठशे भरले तर तुम्ही पळत बोलताय आणि लोक हसायच्या आत पुढचं वाक्य सुरू करताय. हशा येताना बोलत राहिलं की लोक हसणं आवरतात, कारण त्यांना पुढचं ऐकायचं असतं. मग ते पुढेही मोकळेपणानं हसत नाहीत.

दुसरं कारण वाक्याच्या बांधणीत असतं आणि मराठीत ते फार नडतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ज्या शब्दावर हसू यायचं तो आधी येऊन जातो आणि मागे ‘असते’, ‘होतं’, ‘लागलं’ अशी शेपटी उरते. हे वाक्य पाहा : ‘आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी जी नोटीस लावतात ती लिफ्टच्या आत लावलेली असते.’ विनोद ‘आत’ या शब्दात आहे, पण त्याच्यावर आणखी दोन शब्द येऊन बसलेत. हेच असं करा : ‘सोसायटीची लिफ्ट बंद आहे. सेक्रेटरींनी तशी नोटीस लावलीय. लिफ्टच्या आत.’ एवढं म्हणून गप्प राहा. हशा ओसरायला लागला की त्याच विनोदावर पुढची ओळ, म्हणजे टॅग : ‘आत्तापर्यंत ती एकानंच वाचलीय. तो अजून आतच.’ नवा सेटअप (विनोदाआधीची मांडणी) न देता दुसरा हशा मिळाला. आपल्या संहितेतल्या प्रत्येक पंचलाइनचा, म्हणजे जिच्यावर हशा यायचा त्या ओळीचा, शेवटचा शब्द अधोरेखित करा. तिथे क्रियापद दिसलं तर वाक्य उलटं करून पाहा, किंवा क्रियापद खुशाल गाळा.

प्रत्येक सेटचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना प्रत्येक पंचपुढे शून्य (कोणी नाही), एक (दोघं-तिघं) किंवा दोन (सगळी खोली) असा आकडा लिहा. त्याच रात्री ऐकू नका. लगेच ऐकलं की आपण स्वतःला झोडपतो, नाहीतर खोलीला दोष देतो. एक विनोद पाच-सहा वेगवेगळ्या जागी करून पाहिल्याशिवाय टाकायचा नाही, आणि एका वेळी त्यातली एकच गोष्ट बदलायची. सगळंच बदललं तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

खोलीचाही हिशेब ठेवा. बहुतेक ओपन माइकला समोर पंधरा माणसं असतील तर त्यांतले दहा आपल्या नंबराची वाट पाहणारे कॉमेडियन असतात. ते मनात आपलाच सेट घोकत असतात, हसणार कसे? पहिली रांग रिकामी, प्रेक्षकांवरचे दिवे चालू, मागे कॉफी मशीनचा आवाज, यातली कुठलीही गोष्ट चांगला विनोद पाडू शकते. अंधारात, दाटीवाटीनं बसलेली माणसं जास्त हसतात, कारण हसू शेजाऱ्याकडून येतं. म्हणून वहीत त्या दिवशीच्या आकड्यांशेजारी ‘किती माणसं, किती कॉमेडियन, उजेड कसा’ हेही टिपा. रिकाम्या खोलीत ‘एक’ मिळवणारा विनोद भरल्या खोलीत ‘दोन’ मिळवायची दाट शक्यता असते.

प्रश्न : ओपन माइकला आपणच पैसे भरायचे, वर दोन मित्रही आणायचे, हा काय प्रकार आहे? आणि तासभर थांबवून चार मिनिटं देतात. (विद्यार्थी, पुणे)

कॅफेवाला जागा देतो ती बहुधा खाण्यापिण्याच्या विक्रीच्या आशेवर. आयोजक माइक, स्पीकर आणि जाहिरातीचा खर्च बघतो. नवख्यांना ऐकायला तिकीट काढून फारसं कोणी येत नाही, म्हणून तो खर्च नवख्यांकडूनच वसूल होतो. शंभर-दोनशे रुपये नोंदणी एक वेळ समजू शकते. ‘तीन माणसं आणलीस तरच स्पॉट (म्हणजे स्टेजवरची वेळ)’ ही अट मात्र फार काळ पाळू नका. मित्र चौथ्या वेळी यायचे थांबतात आणि तोवर त्यांच्या प्रेमळ हशामुळे तुमची मापं चुकलेली असतात. महिन्याचा आकडा आधी ठरवा, उदाहरणार्थ नोंदणी, प्रवास आणि चहा-कॉफी धरून दीड हजार. त्यात बसतील तेवढेच माइक करा. शक्य असेल तर पैसे न घेणारे माइक शोधा. त्यांचे फॉर्म इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात आणि काही मिनिटांत भरतात, म्हणून नाव, शहर, किती दिवस करताय, व्हिडिओची लिंक हा मजकूर आधी लिहून ठेवा.

वेळेबद्दल मात्र आयोजकाची बाजू घ्यावी लागेल. वेळ संपायला एक मिनिट असताना मागून फोनचा टॉर्च दाखवतात, त्याला ‘लाइट’ म्हणतात. लाइट दिसला की नवा विनोद सुरू करायचा नाही. चालू असलेला संपवा, सूत्रधाराकडे माइक द्या आणि उतरा. पंधरा जणांनी दोन-दोन मिनिटं जास्त घेतली की अर्धा तास गेला, आणि शेवटचे दोघं-तिघं खुर्च्या आवरल्या जात असताना बोलतात. वेळ पाळणाऱ्याला पुन्हा बोलावतात. विनोद जरा कच्चे असले तरी बोलावतात. आपला सेट झाला की लगेच निघूही नका. पुढच्यांना ऐकायला थांबणारी माणसं आयोजकाच्या लक्षात राहतात.

प्रश्न : स्टेजवर हात थरथरतो आणि पुढचं आठवेनासं होतं. माइकही कधी शिट्टी मारतो. (शिक्षिका, सातारा)

माइकचं आधी. स्टेजवर गेल्यावर पहिलं काम : माइक स्टँडमधून काढा आणि स्टँड उचलून मागे ठेवा. तो पुढेच राहिला तर तुम्ही त्याच्याआड उभ्या राहता. माइक जाळीखाली, दांड्यावर धरा. जाळीच मुठीत धरली की मागून येणारा आवाज अडवायची त्याची सोय निकामी होते आणि तो शिट्टी मारतो. स्पीकरच्या समोर गेल्यावरही तसंच होतं, म्हणून स्पीकर कुठे आहेत ते आधी बघून ठेवा. तोंडापासून दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा आणि मान वळली की माइकही वळू द्या. निम्मे विनोद पडतात ते शेवटचा शब्द ऐकूच न गेल्यामुळे.

थरथर पहिल्या हशापर्यंतच टिकते. म्हणून सर्वांत खात्रीचा विनोद सुरुवातीला आणि त्याच्या खालोखालचा शेवटी ठेवा, नवं सगळं मधे. कागद हातात नको, तो थरथर दुप्पट दाखवतो. सेट शब्दशः पाठ करण्याऐवजी पाच-सहा मुद्द्यांचा क्रम पाठ करा : लिफ्ट, सेक्रेटरी, पार्किंग, आई. सेटअप थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, पंचलाइन मात्र अक्षरशः पाठ हवी. सेटच्या आधीच्या तासात रिकाम्या पोटी कॉफी टाळा.

प्रश्न : मुलगा इंजिनिअर आहे. पुण्यातली नोकरी सोडून पूर्णवेळ कॉमेडी करायची म्हणतो. विरोध करावा की पाठीशी उभं राहावं, हे कळत नाही. (एक आई, नाशिक)

ताई, त्याच्याशी हौसेवर वाद घालू नका, हिशेबाबद्दल बोला. या क्षेत्राचा जिना असा आहे : चार-पाच मिनिटांचे ओपन माइक, मग तिकीट असलेल्या शोमध्ये सात-दहा मिनिटं, मग मोठ्या कलाकाराच्या आधी पंधरा, मग अर्धा-पाऊण तास आणि शेवटी स्वतःचा एक तासाचा शो. तो तास बांधायला बहुतेकांना काही वर्षं लागतात आणि त्यातली सुरुवातीची वर्षं बिनपैशाची असतात. चांगली गोष्ट अशी की ओपन माइक संध्याकाळी होतात. या टप्प्यावर नोकरी सोडून दिवसाचे जे आठ तास मोकळे होतात त्यांत स्टेज कुठेच नसतं. शिवाय लिहायला लागणारी माणसं, प्रसंग आणि चीड, सगळं नोकरीतूनच मिळतं.

त्याला विचारा, सध्या पैसे कुठून येतात? थोडेफार पैसे कंपन्यांचे कार्यक्रम, सूत्रसंचालन, जाहिराती आणि मालिकांचं लेखन यांतून येतात. यूट्यूबच्या जाहिरातींतून उत्पन्न सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. ते ओलांडल्यावरही पहिले काही महिने हाती येतं ते किरकोळ. आमचं मत स्पष्ट आहे : बाराही महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला आहे आणि सलग सहा महिने कॉमेडीतून पगाराच्या निम्म्याइतके तरी पैसे येताहेत, या दोन्ही गोष्टी जमल्याशिवाय नोकरी सोडू नये. सोडतानाही कंपनीचा आरोग्य विमा संपण्याआधी स्वतःचा घ्यावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आणि एकदा त्याचा सेट बघायला जाच, पण सांगून जा. आई समोर बसलेली अचानक दिसली तर त्याचा घरावरचा विनोद तिथेच गारठेल. तो घरावर बोलला तर मनाला लावून घेऊ नका. आपल्या माणसांवर लिहिणं सर्वांत सोपं असतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात.

प्रश्न : मुलगी म्हणून मला नेहमी शेवटचा स्पॉट मिळतो, परतायला मध्यरात्र होते. सेटनंतर एक आयोजक नको ते मेसेज पाठवतो. बोलले तर पुढचे स्पॉट जातील. (ठाणे)

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हाताळा. स्पॉट मागतानाच लिहा : ‘मला साडेनऊच्या आत स्टेजवरून उतरणं आवश्यक आहे, शेवटचा स्पॉट असेल तर या वेळी नको.’ कारण सांगायची गरज नाही. पुरुषांनाही कर्जत-कसाऱ्याची शेवटची गाडी पकडायची असते आणि ते बिनदिक्कत मागतात. एकाच मार्गावर राहणाऱ्या दोन-तीन जणींनी मिळून एकाच माइकची नोंदणी करा. रेल्वेत अडचण आली तर १५१२, इतरत्र ११२.

मेसेजचं : एकही पुसू नका. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि एकदाच, लेखी, ‘असे मेसेज मला नकोत’ असं कळवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा पगारी नोकरदार बाईपुरता नाही, त्यात असंघटित क्षेत्रही येतं. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते, म्हणून तारखा जपा. स्पॉट जाण्याची भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण एका आयोजकाच्या हातात सगळं शहर नसतं. त्याच्याबद्दल दोन वरिष्ठ कॉमेडियन मुलींशी आधी बोला. असा माणूस सहसा एकीलाच त्रास देत नाही, आणि दोघी-तिघींची तक्रार एकत्र गेली तर तिला वजन येतं.

प्रश्न : मी लातूरचा. माझी बोली ऐकून लोक हसतात, विनोदाला हसत नाहीत. हिंदीत करू का? (पुणे)

हिंदीत माइक जास्त आहेत, हे खरं. मराठी स्टँड-अप यूट्यूबवर ठळकपणे दिसू लागलं तेच २०१६मध्ये सुरू झालेल्या भाडिपासारख्या (भारतीय डिजिटल पार्टी) वाहिन्यांमुळे. पण ज्या भाषेत तुम्हाला राग येतो त्या भाषेतच लिहा, मग माइक कुठलाही असो. बोलीला मिळणारा हशा पहिली तीस सेकंदं फुकट मिळतो. तो घ्या आणि पुढे जा. मिनिटभरानंतरही लोक फक्त हेलालाच हसत असतील, तर विनोदाचा मुद्दा कच्चा आहे असं समजा. एक चाचणी करा : तोच विनोद प्रमाण मराठीत लिहून वाचा. तरीही हसू आलं तर विनोद पक्का, आता तो परत लातूरच्या बोलीत सांगा. शब्द अडत असेल तर अर्थ सांगत बसू नका, वाक्यातच उलगडेल असा प्रसंग द्या. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत तर अशी बोली ऐकायला माणसं आसुसलेली असतात. तिथे आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच रांगेत बसतात, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : कोणत्या विषयावर बोललं तर पोलीस केस होऊ शकते? (मुंबई)

घडलेलं आधी पाहू. १ जानेवारी २०२१ला इंदूरमध्ये कॉमेडियन मुनव्वर फारूकी यांना शोमधूनच अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन ५ फेब्रुवारीला मिळाला, म्हणजे महिनाभराहून जास्त काळ तुरुंगात गेला. मार्च २०२५मध्ये कुणाल कामरा यांच्या व्हिडिओवरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली आणि ती जागाच काही काळ बंद पडली. म्हणजे फटका एकट्या बोलणाऱ्याला बसत नाही. नवख्यांना पाच मिनिटं देणारी जागाही जाते.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम २९९ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे आणि त्यात ‘जाणूनबुजून व दुष्ट हेतूनं’ ही अट आहे. कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल, ३५६ बदनामीबद्दल. पहिल्या दोहोंत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हेतू नव्हता हे खटल्यात सिद्ध होईलही, पण तोवर तारखा आणि वकिलाची फी चालूच असते. जातीवरून हिणवणारे विनोद करूच नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आधीच खाली दाबलेल्या माणसाला आणखी दाबून मिळवलेला हशा आम्हाला मान्य नाही.

प्रत्येक सेटचं संपूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग तारखेसह जपा. वाद बहुधा वीस सेकंदांच्या तुकड्यावर होतो आणि मागचं-पुढचं तुमच्याकडेच असतं. नव्या, धारदार विनोदाचा व्हिडिओ टाकण्याआधी वकिलाला दाखवा. पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची नोटीस आली तर घाबरून गावी जाऊ नका. ठरल्या वेळी वकिलासह हजर राहा. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, न पाळणाऱ्याला येते.

प्रश्न : कंपनीचा शो केला, तीन महिने झाले, पैसे नाहीत. (पनवेल)

पुढच्या वेळी निम्मे पैसे आधी. उरलेले किती दिवसांत, शो रद्द झाला तर किती, प्रवासखर्च कोणाचा, किती मिनिटं आणि कोणते विषय नकोत, हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. फोनवर ठरलं असेल तर ‘आपलं असं असं ठरलं’ म्हणून तुम्हीच मेल करा. शोच्या दुसऱ्याच दिवशी पॅन आणि बँक तपशिलासह बिल पाठवा. बरेच पैसे बिलच न गेल्यामुळे अडकतात. एकाच कंपनीकडून वर्षात ५० हजारांवर मानधन गेलं की १० टक्के टीडीएस कापला जातो (एप्रिल २०२५पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती). तुमचा कर त्याहून कमी बसत असेल तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून कापलेली रक्कम बुडाली असं समजू नका. आत्ताच्या थकबाकीसाठी ज्यानं बोलावलं त्याच्याऐवजी कंपनीच्या लेखा विभागाला बिलाचा क्रमांक घालून लिहा.

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात वीस मिनिटं करायला बोलावलंय. काय सांभाळू? (कल्याण)

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात, गणेशोत्सवात काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत असते. म्हणून तुमची वेळ साडेआठची मागा, जेवणाआधीची. पंगत सुरू असताना कधीच नाही, हातात ताट असलेला माणूस वर बघत नाही. पहिल्या रांगेत लहान मुलं बसवतात. त्यांच्यामागे खुर्च्या जवळ-जवळ लावून घ्या आणि मंडपातले दिवे कमी करायला सांगा. अध्यक्षांवर एक विनोद चालतो, तोही त्यांना आधी सांगून.

प्रश्न : सेट पडला की दोन-तीन दिवस झोप येत नाही. त्या रात्री पिणंही वाढलंय. लोकांना हसवणाऱ्यानं हे कोणाला सांगायचं? (वय २७, मुंबई)

सांगितलंत हे फार बरं केलंत. यातला काही भाग निव्वळ वेळापत्रकाचा आहे. रात्री अकराला अंगात उसळलेली धडधड शांत व्हायला दोन-तीन तास लागतात, आणि बरेच माइक बारमध्ये होत असल्यानं ते तास तिथेच जातात. सेट चांगला गेला तरी पाजतात, पडला तरी पाजतात. म्हणून नियम शोच्या निकालावर न ठेवता दिवसावर ठेवा : माइकच्या दिवशी दारू नाही. आठवड्याला तीनपेक्षा जास्त माइक नकोत, आणि त्यांतले दोन सलग रात्री नकोत. उतरल्यावर कोणालाही ‘कसा झाला?’ असं त्या रात्री विचारू नका. वहीतले आकडे दुसऱ्या दिवशी दुपारी लिहा.

पण झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असेल, जेवण-आंघोळ नकोशी होत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर हा स्टेजचा प्रश्न उरलेला नाही. १४४१६ या क्रमांकावर टेली मानस ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. आजच फोन करा. आणि बरोबरच्या कॉमेडियनपैकी एकाला, ज्याच्याशी तुमची स्पर्धा वाटत नाही अशा एकाला, हे पत्र लिहिलंत तसंच सांगा. पुढच्या महिन्याचे माइक रद्द करावे लागले तर करा. आयोजकाला ‘तब्येत बरी नाही’ एवढं कळवलं की पुरतं, आणि परत आल्यावर स्पॉट मिळतो.